खवल्यांचं चिलखत

दादा, तुमच्या नातीने आपल्या पडवीत पत्र्याचं चिलखत बनवलंय, गळ्यापासून घोट्यापर्यंत अंगात घालायचं, आणि गेले कित्येक महिने मी तिच्यावर जळतोय. बापाने पोटच्या पोरीवर जळावं हे ऐकायलाही बरं वाटत नाही, मला काय कळत नाही का? तुमच्या सूनबाईने तर तोंडावरच सांगितलं, "अहो, पोरगी आहे ती तुमची, सवत नाही." पण पोटात दुखतंय ते दुखतंय, आणि त्या दुखण्याची सुरुवात तुमच्यापासून आहे, म्हणून तुम्हालाच लिहितो. तुम्ही गेलात तेव्हा ही जन्मलीही नव्हती. सुपरहिरो म्हणजे काय हेही तुम्हाला सांगावं लागेल. माणसात नसते एवढी ताकद असलेला, चित्रविचित्र वेश करून लोकांना वाचवत फिरणारा कोणी. हल्लीची पोरं तसले वेश घरी बनवतात आणि मुंबईत एका मोठ्या हॉलमध्ये जमून एकमेकांना दाखवतात, स्पर्धा लावतात. हिची सुपरहिरो बाई आहे, हिनेच मनाने रचलेली. चिंचणीच्या समुद्रातून वर येते, अंगभर माशासारखे खवले, आणि ते खरोखरच्या धातूचे. पुठ्ठ्याचे का नाही करत, असं मी विचारलं तर म्हणाली, "पप्पा, आवाज यायला हवा. मी चालले की खळखळलं पाहिजे."

तुमच्या पडवीत ती काम करते. त्याच पडवीत, जिथे तुम्ही मांडी घालून, पोलादाच्या ठोकळ्यावर वाकून दागिन्यांच्या डाय कोरल्यात. एका ठोकळ्यात नाकातल्या मोरणीचं पान, एकात जाईची कळी, त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून ठोकला की नक्षी उठायची, आणि मुंबईचे सराफ तुमची डाय नखाने तपासून मान डोलवायचे. आता ते काम मशीन करतं. गावात घरोघरी ठकठक ऐकू यायची ती बंद झाली. पडवीत बरीच वर्षं लाकडं आणि जुनी सायकल पडून होती, ती पोरीने एका सुट्टीत बाहेर काढली आणि स्वतःचा संसार मांडला. ॲल्युमिनियमचे पत्रे, कात्र्या, रिव्हेट, वाळूने भरलेली गोणी, तिच्यावर पत्रा ठोकून ठोकून गोल करायचा. छातीचा भाग केला, खांद्यांच्या वाट्या केल्या, गुडघ्याला वाकता यावं म्हणून पट्ट्यांवर पट्ट्या चढवल्या. आतून टोचू नये म्हणून माझी व्यायामाची चटई कापली, न विचारता. पहिला खांदा एवढा वाकडा झाला की तो घालून ती आरशासमोर उभी राहिली आणि हसून हसून खाली बसली. शेजारची मावशी सुकत घातलेले बोंबील सोडून बघायला आली आणि म्हणाली, "अगो बाय, खांदा हाय का कढईचं झाकण?" तर ही आणखीच हसली, आणि तो वाकडा खांदा दाराच्या खिळ्याला शोभेसाठी टांगून ठेवला. दादा, त्या पडवीत वाकड्या झालेल्या कामावर कोणी हसल्याचं मला तरी आठवत नाही. मी चहाचा कप घेऊन दारात उभा होतो आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिला वाटलं चटईमुळे.

ती मला "पप्पा, तू" म्हणते. तुम्हाला "तू" म्हणायचं माझ्या जिभेच्या मुळापर्यंतही कधी आलं नाही. ती मला पत्रा धरून उभं करते, "हलू नको रे जरा" म्हणते, आणि मी हलत नाही. मधूनच वाटतं, हिला काय मिळतंय हे हिला कळतं तरी का? हिला पत्रा नासायला देणारा बाप मिळालाय. मला असा बाप मिळाला असता तर, असं मनात येतं, आणि मग लक्षात येतं की मी स्वतःचाच हेवा करतोय, तिच्या बाजूने. हसू नका.

आणि आता त्याच्याबद्दल बोलतो. तुमचा तलासरीचा शागीर्द. आपल्यात त्याच्याशिवाय दुसरं काही बोलण्यासारखं होतं कुठे? डोंगराकडचा पोरगा, घरी भात नि नागली, बापाने तुमच्या पायावर आणून घातला आणि तो आपल्याकडेच राहिला, आपल्याच ताटात जेवला. लोकांचं म्हणणं, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. तुम्ही ती म्हण पार उलटी करून टाकलीत. त्याला तुम्ही जवळ, अगदी मांडीला मांडी लावून बसवायचात. त्याचं मनगट धरायचात आणि त्या तुमच्या हळू आवाजात, जो आवाज घरात आम्हा कोणासाठी नव्हता, सांगायचात, "हातोडी मारू नको. पडू दे." मी पलीकडे भूगोलाचं पुस्तक उघडून बसलेला. नद्यांची नावं आजही येत नाहीत, पण ते वाक्य पाठ आहे. एकदा तुम्ही मुंबईला गेला होतात तेव्हा मी तुमची छिन्नी घेतली आणि फुटक्या ठोकळ्यावर एक मासा कोरला. बोयटासारखा, शेपटी जरा वर. तुम्ही आलात, छिन्नी माझ्या हातातून काढून घेतलीत, धोतराला पुसलीत, जागेवर ठेवलीत आणि म्हणालात, "हात धू आणि अभ्यासाला बस." माशाकडे पाहिलंसुद्धा नाहीत. मला मारलं असतंत तरी चाललं असतं. त्याच दिवशी मुंबईहून तुम्ही त्याच्यासाठी भिंग आणलं होतंत, कातडी पिशवीतलं. मला कंपास पेटी. आई चुलीपुढून म्हणाली, "बघ, दोघांना सारखं आणलं." सारखं! मी त्या कंपासातलं कर्कटक घेऊन चौकटीवर जी रेघ ओढली ती अजून आहे.

मी शिकलो, तारापूरला कंपनीत लागलो, तुम्हाला हवं तसं झालं. शेवटी तुमचे डोळे गेले तेव्हा तुमची औषधं डहाणू रोडवरून मीच आणायचो, आंघोळही मीच घालायचो. आणि तो तलासरीहून महिन्यातून एकदा यायचा, नवी कोरलेली डाय तुमच्या हातात द्यायचा, तुम्ही तिच्यावर अंगठा फिरवत दिवसभर बसायचात. एवढ्याने तुमचा चेहरा उजळायचा. कानामागून आला आणि तिखट झाला, असं मी तेव्हा आईला म्हणालो होतो. आईने मला दटावलं होतं.

तर पोरीचं गाडं खवल्यांपाशी अडलं. पितळेच्या पातळ पत्र्याचे खवले तिने कात्रीने कापले, भोकं पाडली, छातीवर ओळीने लावले. सपाट. मेलेले. मध्ये उंचवटा नाही, कडेला रेघ नाही, उजेड पडला तर चमक घसरून जाते. तिलाही दिसलं. स्पर्धा जवळ आलेली, ती त्या छातीच्या भागाकडे बघत बसली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पप्पा, एका खवल्याची डाय असती तर सगळे खवले तिच्यात ठोकता आले असते ना? आजोबांचं काम तुला येतं?" आणि मी, दादा, चटकन म्हणालो, "नाही येत." खोटं होतं ते. तुम्ही झोपल्यावर, तुम्ही बाहेर गेल्यावर, फुटक्या ठोकळ्यांवर मी किती कोरलं असेल याचा तुम्हाला पत्ताच नाही. पण मला जे चोरून घ्यावं लागलं ते हिला नुसतं विचारून का मिळावं? असं वाटलं. असंच वाटलं, शब्द बदलत नाही.

पोरगी स्वस्थ बसणारी नाही. कोणाकडून तरी तिने त्याचा पत्ता काढला आणि रविवारी स्कूटर घेऊन थेट तलासरी गाठली. संध्याकाळी परत आली ती नाचतच. "पप्पा, काका कसले भारी आहेत! म्हणाले, तू माझ्या गुरूची नात, तुला नाही शिकवणार तर कोणाला? आता त्यांना दिसत नाही नीट, पण अंगठ्याने सगळं कळतं त्यांना." मी भाकरी पुढे सारली. आधी बाप नेला, आता पोरगी. बायको म्हणाली, "जेवा की, भाकरीने काय घोडं मारलंय?" पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचाही. कोरलेला ठोकळा ती आणायची आणि मला दाखवायची, आणि मला दुरूनच दिसायचं की रेघ थरथरली आहे, छिन्नी तिरकी बसली आहे, आणि मी म्हणायचो, "छान आहे." स्पर्धेपर्यंत तिला जमणार नव्हतं. ते मला कळत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याने मला थोडं बरंही वाटत होतं.

मग एका रविवारी स्कूटर पंक्चर झाली आणि तिला सोडायला मला माझी मोटरसायकल काढावी लागली. चारोटीला हायवे लागला तशी मी गाडी उगाचच जोरात हाणली. त्याचं घर चांगलं आहे, अंगणात आंबा, ओट्यावर तसाच ठोकळा, तशाच छिन्न्या. माझा आवाज ऐकून त्याने ओळखलं. "ये, ये रे! किती वर्षांनी! चाय ठेव गो," असं आत ओरडला. डोळे पांढुरके झालेत, तुमचे झाले होते तसेच. मला जवळ बसवून म्हणाला, "तू नाय शिकलास ते बरं केलं. डोळे तरी राहिले तुझे. दादा बोलायचे, हा धंदा डोळे खातो, माझ्या पोराचे नाय खाऊ देणार." मी चहाचा घोट घेतला. हे तुम्ही त्याला सांगितलंत, दादा. त्याला! मला सांगितलं असतंत तर? चांगले डोळे घेऊन मी आयुष्यभर कंपनीत मीटरचे काटे बघत बसलो. आणि मग तो तिच्या बाजूला सरकला, मांडीला मांडी लावून, तिचं मनगट चाचपडून धरलं, आणि तुमच्या, अगदी तुमच्याच आवाजात म्हणाला, "पोरी, हातोडी मारू नको. पडू दे." मी उठलोच. "चल, उशीर होतोय," म्हणालो. अकरा पण वाजले नव्हते. तिने छिन्नी खाली ठेवली.

परतीच्या वाटेवर तिने विचारलं, "काय झालं तुला? काकांसमोर असं वागतात का?" मी गाडी बाजूला घेतली. ट्रकांच्या आवाजात ओरडूनच सांगितलं, "मी कोरून देतो तुला डाय. मला येतं." ती म्हणाली, "तू तर नाही म्हणाला होतास." मी म्हणालो, "तेव्हा नव्हतं येत." तिने पाठीत एक गुद्दा घातला आणि घरी येईपर्यंत शिट्टी वाजवत बसली. तिला वाटलं बाप लाडात आला. बाप लाडात आला नव्हता, बापाला दुसऱ्याचा हात तिच्या मनगटावर बघवला नव्हता.

पुढच्या रविवारी सकाळी मी पडवीत बसलो. तुमची हातोडी पेटीत होती, दांडा अजून घट्ट. ठोकळा पाचरीने आवळला, खडूने खवला काढला, छिन्नी लावली आणि हातोडी पडू दिली. पहिले काही घाव चाचपडत गेले, मग हात आपोआप चालू लागला. पोरगी बाजूला उभी राहून मोबाईलवर शूटिंग करत होती. मध्येच म्हणाली, "पप्पा, तू डावखुरा कधीपासून?" मी थांबलो. खाली पाहिलं. हातोडी डाव्या हातात, छिन्नी उजव्या. मी उजव्या हाताने जेवतो, लिहितो, कंपनीत पान्हा उजव्याच हाताने फिरवतो, पण कोरताना हातोडी डाव्या हातात, आणि हे माझं मला आयुष्यात कधी कळलं नव्हतं, कारण कोरताना माझ्या हाताकडे कधी कोणी पाहिलंच नव्हतं. कारणही लगेच कळलं. तो तुमच्या बाजूला बसायचा, म्हणून तो तुमच्यासारखा उजवा झाला. मी पलीकडे, तुमच्या समोर बसलेला. तुमचा उजवा हात मला माझ्या डावीकडे दिसायचा. आरशात बघून शिकावं तसं मी तुम्हाला बघून शिकलो, सगळं उलटं. माझी चोरी माझ्याच हातावर उमटली होती, असं वाटलं.

पण डाय उतरली, दादा. आगीत लाल करून तेलात बुडवून कडक केली, वर पितळेचा पत्रा ठेवला, पत्र्यावर शिसं, आणि ठोकलं. शिसं बाजूला केलं तर खवला उठलेला, मधली कणा-रेघ कडक, कडेच्या बारीक रेघा केसासारख्या मोकळ्या. पोरगी एवढ्यांदा किंचाळली की मावशी हातातली सुरी घेऊनच धावत आली. मग गळपट्टीसाठी लहान खवला हवा होता, त्याची डाय तिला स्वतः कोरायची होती. "शिकव," म्हणाली. मी बाजूला बसून बघितलं, जमेना, माझा डावा तिच्या उजव्याच्या आड येई. मग मी उठून तिच्या समोर बसलो. तिने माझ्या हाताकडे बघितलं, आणि माझ्या डाव्याचा तिच्याकडे बरोबर उजवा झाला. तिचा हात स्थिर झाला, रेघ सरळ गेली. बराच वेळ आम्ही दोघं तसे, मध्ये ठोकळा. मग मान वर न करता ती म्हणाली, "म्हणजे आजोबांनी तुला असं समोर बसवून शिकवलं ना? काकांना बाजूला बसवलं आणि तुला समोर. तुझा चेहरा दिसावा म्हणून." आणि मी म्हणालो, "हो."

एकदा हो म्हटल्यावर मग काय, सुटलोच मी. ती रोज विचारायची आणि मी रोज सांगायचो. आजोबा रागवायचे का? छे, कधीच नाही. शाब्बास म्हणायचे? म्हणायचे की, पाठीवर थाप मारायचे. एक भिंगही आणलं होतं मला मुंबईहून, कुठेतरी हरवलं. तुम्ही त्याच्याशी जे जे वागलात ते सगळं मी उचलून माझ्या नावावर केलं, दादा, आणि पोरीने त्यावर विश्वास ठेवला. आता ती तुमच्या फोटोला येता-जाता "काय आजोबा!" म्हणते. चिलखत घालून ती अंगणात उभी राहिली त्या सकाळी अर्धी चिंचणी लोटली होती. पितळेवर ऊन पडलं, तिने एक पाऊल टाकलं, आणि खळखळलं. मावशीने बोटं मोडून दृष्ट काढली. मुंबईला तिला दुसरा नंबर मिळाला आणि स्टेजवर माईक हातात दिल्यावर तिने सांगितलं की हे काम माझ्या आजोबांनी माझ्या पप्पांना समोर बसवून शिकवलं आणि पप्पांनी मला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खुर्चीत बसून त्या आजोबांसाठी टाळ्या वाजवल्या, आणि असा आजोबा तिला मिळाला म्हणून तिच्यावर जळलो.

गेल्या रविवारी तिने त्याला जेवायला बोलावलं. मला विचारलंही नाही. बायकोने सुरमई केली, तो आला, चिलखताच्या खवल्यांवर अंगठा फिरवत बसला, बराच वेळ. एका मोठ्या खवल्यावर थांबून मला म्हणाला, "हा तुझा. डाव्याचा घाव हाय." तेवढ्यात पोरगी ताटं मांडता मांडता म्हणालीच, "काका, आजोबा पप्पांना समोर बसवायचे ना शिकवायला? तुम्हाला बाजूला?" आता सगळं उघडं पडणार म्हणून मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन नुसता उभा. त्याने ताट जवळ ओढलं. मग म्हणाला, "हो गो. समोरच बसायचा तुझा बाप. पुस्तक हातात आनि डोळे इकडे. आनि दादा काय करायचे, ह्याच्या अंगावर सावली पडली तर ठोकळा फिरवायचे, ह्याला दिसाया पायजे म्हणून. मला बोलायचे, जरा सरक." आणि भाताला हात घातला.

दादा, तो मला वाचवायला खोटं बोलला की खरंच तुम्ही ठोकळा फिरवायचात, हे मला माहीत नाही. त्याला बसस्टँडवर सोडायला गेलो तेव्हा विचारता आलं असतं. गाडीला वेळ होता, आम्ही दोघंच होतो, मी विचारलं नाही. खोटं असलं तर मला ते ऐकायचं नाही. आणि खरं असलं, तर तुम्ही माझ्यासाठी काय करत होतात हे इतकी वर्षं त्याला ठाऊक होतं, मला नाही, आणि त्याचासुद्धा मला हेवाच वाटतो.